शाळेचा एप्रिलअखेरचा आठवडा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



'शिक्षण आणि आपला समाज' या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी मंडळाच्या चिटणीसांनी आज्ञा केली. विषय थोर आहे आणि आमचा आवाका लहान आहे. ज्याने सारा जन्म प्राथमिक शाळेच्या चार भिंतींत घालविला, त्याने त्या भिंतींआड जे पाहिले तेवढेच सांगावे, हे बरे. म्हणून वर्षाच्या बावन्न आठवड्यांपैकी एकच आठवडा आम्ही आज बोलण्यासाठी निवडला आहे. वार्षिक परीक्षा संपते आणि १ मे रोजी निकाल लागतो, त्यांच्यामधला, एप्रिलच्या अखेरचा आठवडा. शाळेच्या दृष्टीने याहून धांदलीचा आठवडा नाही. आणि गावास मात्र वाटते की शाळा आता संपली, गुरुजींना काही काम उरले नाही. या गैरसमजापायी काय काय घडते, ते सांगावयाचे आहे.

खानदेशचा उन्हाळा आपणांस वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर चढला की दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. म्हणून आपल्या भागात सकाळची शाळा पूर्वापार चालत आलेली आहे. सन २०२५च्या मार्चअखेर शासनाने राज्यभरच्या सर्व शाळा सकाळी सातपासून भरवाव्यात असा आदेश काढला, तेव्हा पुण्या-मुंबईकडील मंडळींना त्याचे नवल वाटले असेल. आम्हांस वाटले नाही. आमच्या वेळी शिक्षक साडेसहालाच शाळेत पोहोचत. मोठ्या वर्गातली दोन मुले रांजण विसळून भरीत, दोघी मुली व्हरांडा झाडीत, आणि जो वर्ग पत्र्याच्या खोलीत बसे त्यास पहिल्या तासानंतर निंबाखाली हलवावे लागे. परीक्षेच्या दिवसांत निंबाखाली हलविणे शक्य नसे. साडेदहाच्या सुमारास मुलांच्या मनगटांना घामाने कागद चिकटू लागे. उत्तरपत्रिकेच्या उजव्या बाजूस शाई पसरलेली दिसली की हा पेपर पत्र्याच्या खोलीतला, हे आम्ही नाव न वाचता ओळखीत असू.

एकदा चौथीच्या गणिताच्या पेपरला एक मुलगा उत्तरपत्रिकेवर डोके टेकून गाढ झोपला. शेतीच्या पंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीच्या पाळीस होती. बापाबरोबर केळीला पाणी भरण्यास तो रात्रभर उभा होता. केळीचे पाणी एप्रिलमध्ये चुकले तर वर्षाचे उत्पन्न जाते, हे आपण जाणता. आम्ही त्यास लगेच उठविले नाही. पंधरा मिनिटे झोपू दिले, मग तोंडावर पाणी मारून बसविले आणि तेवढी पंधरा मिनिटे त्यास जास्तीची दिली. नियमात हे बसत नव्हते. परंतु गणितात तो उत्तीर्ण झाला.

परीक्षा संपली की मुलांची सुटका होते, शिक्षकाची होत नाही. उत्तरपत्रिका तपासणे हे त्यातले सर्वांत सोपे काम. पहिली-दुसरीच्या तोंडी परीक्षेचे गुण, चित्रकलेचे, कार्यानुभवाचे, शारीरिक शिक्षणाचे गुण, हे सर्व निकालपत्रकात मांडावयाचे, आडव्या व उभ्या बेरजा जुळवावयाच्या. उभी बेरीज दोनाने चुकली की रात्री कंदिलाशी बसून साऱ्या ओळी पुन्हा तपासाव्या लागत. त्यावर हजेरीपटाची वर्षाची सरासरी, जडसंग्रह नोंदवही, पाठ्यपुस्तके, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, आणि पुढील जूनसाठी सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलांची घरोघर फिरून यादी. आमची एक विद्यार्थिनी आज स्वतः शिक्षिका आहे. ती सांगते की आता गुण संगणकावर भरावे लागतात, दिवसा यंत्रणा मंद चालते, म्हणून रात्री अकरानंतर भरावयास बसते. कंदील गेला, जागरण राहिले. निवडणुकीचे वर्ष असले तर विचारूच नये. सन २०१९ साली जळगाव आणि रावेर मतदारसंघांचे मतदान २३ एप्रिलला झाले. वर्गातले बाक बाहेर आणि मतपेट्यांच्या जागी आलेली यंत्रे आत. तो आठवडा ज्यांनी काढला, त्यांनाच तो ठाऊक.

यंदाच्या नव्हे, परंतु सन २०२५च्या वेळापत्रकाविषयी एक शब्द बोलणे प्राप्त आहे. त्या वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा ८ एप्रिलपासून २५ एप्रिलपर्यंत चालविण्याचे शासनाने ठरविले. एवढ्या उन्हात परीक्षा लांबविल्या, निकालास पाच दिवस उरले, म्हणून पुष्कळ पालकांनी आणि शिक्षकांनी नापसंती दर्शविली. पाच दिवसांत निकाल लावणे किती कठीण, हे आमच्याइतके कोणास कळणार? तथापि आम्ही त्या तक्रारीत सामील नाही. परीक्षा एप्रिलच्या मध्यास आटोपल्या की वर्ग दुसऱ्याच दिवशी ओस पडतात, आणि १ मेपर्यंतचे दोन आठवडे मूल नुसते पटावर असते, शाळेत नसते. पटावर असलेले आणि शाळेत नसलेले मूल हीच तर आजची आमची गोष्ट आहे.

"एवढ्या उन्हात काय डोक्यात शिरणार?" असे पालक म्हणतात. त्यांना आम्ही धुळ्याच्या तुरुंगाची आठवण देत असू. सन १९३२ साली विनोबाजी तेथे बंदीवान होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ती प्रवचने उतरून घेतली. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षे शिक्षकी केलेले तेच साने गुरुजी. तारखा मोजून पाहाव्यात: अठरा रविवार, आणि त्यांत मार्च, एप्रिल, मे हे तिन्ही महिने सबंध येतात. धुळ्याचा उन्हाळा तेव्हाही हाच होता आणि तुरुंगात निंबाची सावली कितीशी असणार! सांगणारा होता, उतरून घेणारा होता, आणि वेळ ठरलेली होती. उन्हाची तक्रार 'गीता प्रवचने' या पुस्तकात आम्हांस कोठे आढळली नाही.

परंतु मुले उन्हामुळे जात नाहीत. ती आखाजीमुळे जातात.

कोणाचा गैरसमज होऊ नये. आखाजी हा आपल्या खानदेशाचा दिवाळीहून मोठा सण. पितरांच्या नावाची घागर भरावी, आंब्याचा रस आणि खापरावरच्या पोळ्या व्हाव्यात, सासुरवाशिणी माहेरी याव्यात, झाडास झोके बांधले जावेत, गौराईची गाणी व्हावीत, यात आम्हांस आनंदच आहे. (पुरुष मंडळी त्या दिवशी पाटावर पत्ते टाकून बसतात, त्याविषयी मात्र आम्ही मौन पाळतो, अध्यक्ष महाराज हसत आहेत.) आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी आखाजीवर गाणे रचले आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. पुत्र सोपानदेव यांनी जपलेली ती गाणी सन १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, म्हणून ती आपणांस मिळाली. झोक्यावर बसून त्यांच्याइतकेच चांगले रचणाऱ्या आणखी किती असतील. त्यांची उतरून घेणारे घरात कोणी नव्हते.

आखाजीस शेतकऱ्याचे वर्षही बदलते. सालदाराचा करार आखाजी ते आखाजी असतो. जुन्या मालकाकडचा हिशेब त्या दिवशी पुरा होतो आणि नव्या मालकाकडे, पुष्कळदा नव्या गावी, सालदार आपले बिऱ्हाड घेऊन जातो. आपल्या समाजात जमीन बाळगणारी घरे पुष्कळ आहेत. आपल्यापैकी कितीकांकडे सालदार आहेत. तो गाडीत आपली भांडी, शेळी आणि मुले घालून निघतो, तेव्हा मुलांचे नाव आमच्या पटावर तसेच राहते. निकालाच्या दिवशी आम्ही नाव पुकारतो, वर्गातला एखादा मुलगा उठून सांगतो, "गुरुजी, ते गेले." कोठे गेले, हे त्यास ठाऊक नसते. जूनमध्ये नव्या गावात त्या मुलास कोणी शाळेत नेऊन बसविले तर ठीक, नाही तर ते मूल गुरे वळावयास लागते. सन २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने आता स्पष्ट सांगितले आहे की दाखला नाही एवढ्यावरून कोणत्याही शाळेने मुलास प्रवेश नाकारू नये अथवा लांबवू नये. कायदा चांगला आहे. पण मुलास शाळेच्या दारापर्यंत कोणी तरी न्यावे लागते, आणि नव्या गावात सालदाराच्या ओळखीचा पहिला मनुष्य म्हणजे त्याचा मालक.

आता जे सांगावयाचे आहे, ते आम्ही आजवर कोणत्याही सभेत सांगितलेले नाही.

सन १९९०ची गोष्ट. गाव तापीकाठचे, नाव सांगण्याचे कारण नाही. त्या वर्षी आखाजी एप्रिलच्या अखेरीस आली होती. आमच्याकडे सातवीचा वर्ग होता. वडीलधाऱ्यांस आठवत असेल, एके काळी मराठी सातवी पास म्हणजे केवढी प्रतिष्ठा होती, त्यावर मास्तरकी मिळे. आमच्या वेळेपर्यंत ती प्रतिष्ठा उरली नव्हती, परंतु गावची शाळा सातवीला संपत असल्याने मुलींच्या बाबतीत सातवी हाच शेवट, असे गाव धरून चालत असे. वर्गात एक मुलगी होती. समाजाने आपलीच. हुशार म्हणून आम्ही तिचे कौतुक करणार नाही. हुशार पुष्कळ असतात. तिची एक सवय होती. उदाहरण सुटले की उत्तराखाली रेघ ओढून ते उलट करून ताडून पाहावयाचे, आणि ताळा जुळला की बाजूस एक बारीक टिंब द्यावयाचे. हे तिला आम्ही शिकविलेले नव्हते. निकालपत्रकाच्या उभ्या बेरजा जुळत नसल्या की आम्हीच तिला हाक मारीत असू.

निकालास तीन दिवस होते. पंचायत समितीकडे गोषवारा दुसऱ्या दिवशी पोहोचविण्याचा निरोप होता, पुढ्यात तपासावयाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि सहकारी शिक्षक घरच्या लग्नासाठी रजेवर होते. अशा वेळी तिचे वडील आले. माणूस सरळ, आमच्याशी आदराने वागणारा. हातात अर्ज होता.

"गुरुजी, पोरीचा दाखला देऊन टाका."

"निकाल लागू द्या, भाऊ. तीन दिवसांनी या."

"मामाच्या गावाला ठेवतो आहे. तिकडे हायस्कूल आहे. आखाजीला मामा येईल, तो घेऊनच जाईल."

आम्ही जनरल रजिस्टर काढले. नाव, आईबापांचे नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. नंतर तो रकाना येतो: शाळा सोडण्याचे कारण. त्यात आम्ही लिहिले, 'पालकांच्या अर्जावरून'. सर्व शिक्षक हेच लिहितात. हे शब्द लिहिले की कोणताही अधिकारी पुढे काही विचारीत नाही. दहा मिनिटांत दाखला तयार झाला, वडिलांनी सही केली, नमस्कार केला आणि ते गेले. मामाच्या गावचे हायस्कूल कोणते, एवढेही आम्ही विचारले नाही. आमचे लक्ष गोषवाऱ्याकडे होते.

१ मे रोजी झेंडावंदन झाले, मुले रांगेत बसली, निकाल वाचला. तिचा क्रमांक वर्गात पहिला होता. प्रगतिपत्रक घेण्यास कोणी आले नाही.

जुलैत मामाच्या गावच्या बाजूचे एक शिक्षक कामानिमित्त भेटले. त्या गावात हायस्कूलच नव्हते. मुलगी आपल्याच गावात, आपल्याच घरात होती. आम्हांस दिसू नये म्हणून शाळेच्या बाजूने जात नसे, एवढेच. आम्ही वडिलांकडे गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, हायस्कूल पाच किलोमीटरवर. रस्त्याने एकटी कशी धाडू?" तेव्हा एस.टी.चा मोफत पास नव्हता आणि त्या वाटेने एस.टी.ही नव्हती. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असे आम्हांस म्हणवत नाही. परंतु त्याच गावातून दोन मुलगे सायकलने त्या हायस्कुलात जात होते आणि त्यांपैकी एक तिचा सख्खा भाऊ होता. पुढील वर्षांत तिचे लग्न झाले. अठरा पुरी झाली होती की नाही, हे आमच्या रजिस्टरात पाहून कोणासही सांगता आले असते. कोणी विचारले नाही, आणि आम्ही आपण होऊन सांगितले नाही.

बारा-तेरा वर्षांनी ती शाळेत आली. दाखल्याची दुसरी प्रत हवी होती; गावात अंगणवाडीची जागा निघाली होती. सेविकेच्या जागेस तेव्हा दहावी लागे, मदतनिसास सातवी पुरत असे. तिने मदतनिसासाठी अर्ज केला. रजिस्टर उघडून आम्ही तिच्या नावापुढची ओळ उतरवून देत होतो, तेव्हा तीही पाहत होती. कारणाच्या रकान्यापाशी आमचा हात थांबला. प्रत असल्याने जे मूळ आहे तेच लिहावे लागते. आम्ही लिहिले. ती म्हणाली, "गुरुजी, मी निकालाला येणार होते. घरी सांगितलं, दाखला काढला म्हणजे शाळा सुटली." आम्ही कपाटातून तिचे प्रगतिपत्रक काढून दिले. न नेलेली प्रगतिपत्रके आम्ही फेकून देत नसू. तिने बेरीज पाहिली, मनात ताडून पाहिली असावी, कारण बोटाने शेवटी एक टिंब दिल्यासारखे केले, आणि घडी घालून पदरात घेतले.

दोष तिच्या वडिलांचा, गावाचा, रस्त्याचा, हे सर्व खरे. पण दाखला आम्ही लिहिला होता.

म्हणून मंडळापुढे आमची दोन मागणी आहेत, आणि दोन्ही या आठवड्यासंबंधी आहेत.

पहिली लग्नांविषयी. आपल्या समाजात अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर सामुदायिक विवाह होतात. खर्च वाचतो, कर्ज टळते, काम पुण्याचे आहे. परंतु मुहूर्त तिथीने येतो आणि परीक्षा तारखेने येते. सन २०२५ साली अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती, निकाल दुसऱ्या दिवशी. सन २०२४ साली ती १० मे रोजी आली, तेव्हा काही अडले नाही. पंचांग वर्षभर आधी हाती असते. ज्या वर्षी तिथी परीक्षेच्या अथवा निकालाच्या आठवड्यात येईल, त्या वर्षी मंडळाने आपला सोहळा मे महिन्यातील पुढच्या मुहूर्तावर न्यावा. हळदीपासून पाठवणीपर्यंत एका लग्नात घरच्या मुलीचे चार दिवस जातात, मग ती नवरी असो वा करवली. करवलीचाही पेपर असतो. भटजी आक्षेप घेतील तर आम्ही त्यांच्याशी बोलण्यास तयार आहोत. त्यांच्यापैकी दोघे आमचे विद्यार्थी आहेत.

दुसरी दाखल्याविषयी. सामुदायिक विवाहासाठी आपली समिती वधूच्या वयाचा पुरावा मागते, आणि पुरावा म्हणून पुष्कळदा शाळेचा दाखलाच जोडला जातो. समिती त्यावरील जन्मतारीख पाहते, अठरा पुरी झाली की नाही ते मोजते आणि कागद बाजूस ठेवते. आमचे म्हणणे एवढेच की तिने त्याच कागदावर आणखी दोन रकाने वाचावेत: शाळा सोडल्याचा दिनांक, आणि कारण. दिनांक याच एप्रिलमधला असेल आणि कारण 'पालकांच्या अर्जावरून' असेल, तर समितीच्या एका माणसाने त्या शाळेत जाऊन यावे. गुरुजी धांदलीत असतील, नीट बोलणार नाहीत. तरी बसून राहावे. अठरा पुरी नसल्यास कायद्याचे काम ग्रामसेवकाकडे आहे आणि त्यास कळविणे हे समितीचे कर्तव्य आहे. अठरा पुरी असून मुलगी बारावीतून काढलेली असेल, तर कायदा काही करू शकत नाही. तेथे मुलाकडच्यांशी बोलावे, लग्नानंतर परीक्षेला बसविण्याचे त्यांच्याकडून कबूल करून घ्यावे. समितीत आज अकरा सभासद आहेत असे चिटणीस सांगतात. अकरांमध्ये एकही स्त्री नाही, हेही त्यांनीच सांगितले.

सालदारांविषयी मंडळाने ठराव करावा असे आम्ही म्हणत नाही. ठरावाने हे काम व्हावयाचे नाही. ज्या घरी आखाजीस नवा सालदार येईल, त्या घरच्या कर्त्याने जूनच्या पहिल्या दिवशी त्याच्या मुलांस हाताशी धरून शाळेत न्यावे. दाखला मागून मागवता येतो. आम्ही निवृत्त झालो असलो तरी जूनमध्ये सकाळी शाळेच्या ओट्यावर बसलेले असतो; अर्ज लिहून देऊ.

 भोजनाची वेळ झाली आहे, तेव्हा आम्ही आपली रजा घेतो.